गीरचे सिंह वाढतायत, तरी अभ्यासक निर्धास्त का नाहीत?

मे २०२५ मध्ये गुजरात सरकारनं सिंहांचा नवा आकडा जाहीर केला. ८९१. पाच वर्षांपूर्वी तो ६७४ होता, २०१५ मध्ये ५२३ आणि १९६८ मध्ये अवघा १७७. एखादा मोठा शिकारी प्राणी माणसांच्या गर्दीत राहून असा वाढतोय, हे जगात फार कमी ठिकाणी घडतं. आफ्रिकेत आज वीस ते पंचवीस हजार सिंह असतील असा अंदाज आहे, पण तिथल्या कित्येक देशांतून तो गेल्या शतकात साफ नाहीसा झाला. त्यामुळे गुजरातनं या आकड्याचं कौतुक केलं, तर त्यात वावगं काही नाही.

तरीही सिंहांवर काम करणारे अनेक शास्त्रज्ञ गेली तीस वर्षं एकच गोष्ट सांगतायत. सिंह किती आहेत हा प्रश्न दुसरा, ते कुठे आहेत हा पहिला.

आपल्याकडच्या वाघाशी तुलना केली की मुद्दा चटकन कळतो. समजा, उद्या ताडोब्यात एखादी साथ आली आणि तिथले वाघ मोठ्या संख्येनं दगावले. नुकसान प्रचंड होईल, पण मेळघाटात वाघ असतील, कान्हा-पेंचमध्ये असतील, कर्नाटकात असतील, सुंदरबनात आणि काझीरंग्यातही असतील. वाघ हा प्राणी भारतातून संपणार नाही. सिंहाच्या बाबतीत ही सोय नाही. आफ्रिकेच्या बाहेर रानात राहणारा जगातला प्रत्येक सिंह गुजरातमधल्या सौराष्ट्र या एका द्वीपकल्पावर राहतो. सोमनाथ-द्वारकेच्या सहलीत सासणला एक मुक्काम टाकून आलेल्या मराठी पर्यटकानं जो सिंह जीपमधून पाहिला, त्याला सौराष्ट्राबाहेर रानात राहणारे भाऊबंद नाहीत.

एकेकाळी हा सिंह तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराणपासून थेट बिहारच्या बाजूपर्यंत पसरलेला होता. बंदुका आल्या, शिकारी वाढल्या, रानं तुटली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात तो फक्त जुनागढ संस्थानातल्या गीरच्या जंगलात उरला. जुनागढच्या नवाबांनी शिकारीवर बंधनं घातली म्हणून तो वाचला. तेव्हा नेमके किती सिंह शिल्लक होते यावर वाद आहे. जुन्या नोंदींत विसाच्या आसपासचा आकडा येतो, काही अभ्यासकांना तो फार कमी वाटतो. पण आकडा काहीही धरला, तरी आजचे ८९१ सिंह त्या मूठभर सिंहांचे वंशज आहेत, हे नक्की.

२०१८ चा सप्टेंबर

या सगळ्या चर्चेत एक महिना वारंवार येतो. गीरच्या पूर्व भागात, अमरेली जिल्ह्यातल्या धारी तालुक्याच्या बाजूला, दलखाणिया नावाची वनविभागाची रेंज आहे. १२ सप्टेंबर २०१८ पासून तिथल्या सरसिया भागात सिंह मेलेले सापडायला लागले. आठवडाभरात मृतांचा आकडा ११ वर गेला. सुरुवातीला वनविभागाकडून सांगण्यात आलं, की हे आपसातल्या भांडणाचे बळी आहेत. हे अगदीच अशक्य नव्हतं. बाहेरचा नर कळपात घुसला की तो आधीच्या नराचे छावे मारतो, सिंहिणी मध्ये पडल्या तर त्याही जखमी होतात. पण भांडणात मेलेल्या सिंहाच्या अंगावर जखमा असतात आणि इथे आजारी, अशक्त होऊन मेलेले सिंह सापडत होते.

मग उरलेल्या सिंहांना पकडून उपचारासाठी आणलं गेलं. तिथेही ते मरत राहिले. २ ऑक्टोबरपर्यंत आकडा २३ झाला. त्या पट्ट्यात एकूण २६ सिंह होते. वाचले तीन.

नमुने तपासायला गेले, त्यातले काही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत. पुढे कोरोनाच्या काळात घराघरांत माहीत झालेली एनआयव्ही ती हीच. तिथल्या तपासणीत काही सिंहांमध्ये कॅनाईन डिस्टेंपर या आजाराचा विषाणू सापडला. काहींच्या रक्तात बबेशिया नावाचा परजीवीही होता. हा परजीवी गोचिडांतून पसरतो.

कॅनाईन डिस्टेंपर हा मुळात कुत्र्यांचा आजार. माणसाला होणाऱ्या गोवराच्या विषाणूचा हा जवळचा नातेवाईक. घरात कुत्रा पाळणाऱ्यांना तो ठाऊक असतो, कारण पिल्लांना दिल्या जाणाऱ्या पहिल्या लसींमध्ये त्याची लस असते. भटक्या कुत्र्यांना अर्थातच ती कोणी देत नाही. नाक-डोळे वाहणं, ताप, जुलाब आणि शेवटी मेंदूवर परिणाम होऊन झटके येणं अशी त्याची लक्षणं. पण त्याचा सगळ्यात घातक गुण वेगळाच आहे. गोवराप्रमाणेच तो शरीराची प्रतिकारशक्ती पार झोपवतो आणि एरवी निरुपद्रवी असलेल्या इतर जंतूंना रान मोकळं होतं.

हे कसं घडतं, याचा सर्वांत चांगला उलगडा टांझानियातल्या सेरेंगेटीत झाला. १९९४ मध्ये तिथे हाच विषाणू सिंहांमध्ये पसरला आणि सुमारे एक हजार सिंह मेले. म्हणजे तिथल्या दर तीन सिंहांमागे एक. शास्त्रज्ञांना कोडं असं पडलं, की जुन्या रक्तनमुन्यांवरून हा विषाणू त्याआधीही सिंहांमध्ये येऊन गेल्याचं दिसत होतं, पण तेव्हा कोणी मेलं नव्हतं. मग याच वेळी असं काय झालं?

उत्तर दुष्काळात सापडलं. त्या वर्षी पाऊस नसल्यानं रानरेडे खंगले होते आणि त्यांच्या अंगावर गोचीड माजले होते. खंगलेला रेडा म्हणजे सिंहासाठी आयतं जेवण. सिंहांनी पोटभर रेडे खाल्ले आणि त्यासोबत गोचिडांतला बबेशियाही अंगात घेतला. नेमकं तेव्हाच डिस्टेंपरनं प्रतिकारशक्ती मोडली होती. एरवी दोन्ही आजार वेगवेगळे आले असते तर सिंहांनी पचवले असते. एकत्र आले आणि हाहाकार झाला.

गीरमध्येही हीच दोन नावं एकत्र आली, ही गोष्ट म्हणूनच शास्त्रज्ञांना गंभीर वाटली.

पण सेरेंगेटी आणि गीर यांत एक फरक आहे. सेरेंगेटीत एक तृतीयांश सिंह मेले तरी दोन हजार उरले, काही वर्षांत संख्या पूर्ववत झाली, आणि त्या पलीकडे आफ्रिकेतल्या दुसऱ्या जंगलांत हजारो सिंह होतेच. गीरमध्ये अशी साथ पसरली तर हेच मोजगणित करायला पलीकडे काही नाही. २०१८ ची साथ एका रेंजपुरती थांबली. आजूबाजूच्या सिंहांना वेगळं ठेवलं गेलं, अमेरिकेतून लसीचे ३०० डोस मागवून काही सिंहांना ते टोचले गेले. वनखात्याच्या लोकांनी त्या आठवड्यांत रात्रंदिवस काम केलं, यात शंका नाही. पण नशिबाचा वाटाही मोठा होता.

सिंह आणि कुत्रा एकाच पानात

शहरातल्या माणसाला प्रश्न पडेल, की जंगलचा राजा आणि गल्लीतलं कुत्रं यांची गाठ पडतेच कुठे? सौराष्ट्रात ती रोज पडते.

गीर अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मिळून साधारण १,४०० चौरस किलोमीटरचं आहे. एवढ्या जागेत ८९१ सिंह मावत नाहीत. आज निम्म्याहून जास्त सिंह या जंगलाच्या बाहेर राहतात. ११ जिल्ह्यांत, साधारण ३५ हजार चौरस किलोमीटरवर ते पसरलेत. गोव्याच्या नऊपटीहून मोठा हा मुलूख आहे आणि त्यात शेतं, आंब्याच्या बागा, चुनखडीच्या खाणी, बंदरं, महामार्ग आणि गावं आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये जुनागढ शहरातल्या एका हॉटेलच्या आवारात पहाटे फिरणारा सिंह सीसीटीव्हीत दिसला आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. लोकांनी गंमत म्हणून पाहिला. अमरेली, राजुला, सावरकुंडला भागातल्या लोकांना त्यात नवल वाटलं नसेल, रात्री गावातून जाणारा सिंह त्यांच्या ओळखीचा आहे.

या भागात गाय-म्हैस मेली की गावाबाहेर टाकून द्यायची पद्धत आहे. त्या मढ्यावर आधी कुत्री येतात, रात्री सिंह येतो. पहाटे सिंह उठून गेला की परत कुत्री. आजार पसरायला याहून सोपा रस्ता कोणता असणार? शिवाय सिंह हा वाघासारखा एकलकोंडा नाही. कळपात राहतो, एकाच सावजावर तोंडाला तोंड लावून खातो, एकमेकांना चाटतो. आजारी वाघ बहुतेकदा एकटा मरतो, आजारी सिंह घरातल्या सगळ्यांना प्रसाद देऊन जातो.

त्यात रक्ताचा प्रश्न आहे. मूठभर पूर्वजांपासून वाढल्यामुळे गीरचे सिंह जनुकीयदृष्ट्या एकमेकांच्या फार जवळचे आहेत. १९८० च्या दशकात भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी केलेल्या तपासणीत त्यांच्यात वैविध्य जवळजवळ दिसलंच नाही आणि नरांच्या शुक्राणूंमध्ये दोषांचं प्रमाण सेरेंगेटीतल्या सिंहांपेक्षा कितीतरी जास्त आढळलं. तरी पुढच्या चाळीस वर्षांत हे सिंह चौपट झालेच, त्यामुळे केवळ या कारणानं ते संपतील असं म्हणता येत नाही. पण साथीच्या वेळी वैविध्य कामाला येतं. शंभर जणांच्या प्रतिकारशक्तीत फरक असेल तर एखादा विषाणू सगळ्यांना पाडू शकत नाही. सगळे एकाच साच्यातले असतील, तर जो विषाणू एकाला भारी पडेल तो बाकीच्यांनाही पडू शकतो.

रोजचे मरण

साथ दहा-वीस वर्षांत एकदा येईल. बाकी कारणं रोजची आहेत. गुजरात सरकारनं विधानसभेत दिलेल्या माहितीनुसार २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत २८६ सिंह मेले, त्यात १४३ छावे होते. छाव्यांचं मरण निसर्गात नेहमीच जास्त असतं. पण ५८ मृत्यू अनैसर्गिक होते.

त्यातलं एक कारण म्हणजे विहीर. सौराष्ट्रात शेतोशेती विहिरी आहेत आणि जुन्या विहिरींना कठडा नसतो. रात्री नीलगाईमागे धावणारा सिंह थेट आत जातो. वनविभागानं आणि स्वयंसेवी संस्थांनी हजारो विहिरींना कठडे बांधून दिले, त्याचा फायदाही झाला, पण विहिरी त्याहून अधिक आहेत. दुसरं कारण रेल्वे. अमरेली जिल्ह्यात पिपावाव बंदर आहे. तिथून कंटेनर घेऊन निघणाऱ्या मालगाड्या रात्री सिंहांच्या वाटेवरून जातात आणि रुळावर बसलेले सिंह गाडीखाली येतात. हे इतक्यांदा झालं, की २०२४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं रेल्वे आणि वनविभाग दोघांना फैलावर घेतलं. शेताच्या कुंपणात बेकायदा सोडलेली वीज हे तिसरं.

शिकारीचा धोका गीरमध्ये तुलनेनं कमी आहे, पण नाही असं नाही. २००७ मध्ये मध्य प्रदेशातून आलेल्या टोळीनं काही आठवड्यांत आठ सिंह मारले होते. वाघाची हाडं मिळेनाशी झाली की बाजारात सिंहाची हाडं वाघाची म्हणून खपतात.

आणि मग आभाळ. जून २०१५ मध्ये अमरेलीत शेत्रुंजी नदीला पूर आला, त्यात किमान दहा सिंह मेले. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ दीव आणि उना यांच्यामध्ये किनाऱ्यावर धडकलं, म्हणजे गीरच्या दारातच. जंगलात लाखो झाडं उन्मळून पडली. सिंह तेव्हा वाचले. अरबी समुद्रातली वादळं अलीकडे वाढताना दिसतायत आणि सगळे सिंह एका किनाऱ्याजवळ असल्यावर हा भाग दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

एवढं असूनही हा प्राणी टिकून आहे, त्याचं श्रेय तिथल्या लोकांना द्यावंच लागेल. मालधारी गुराखी पिढ्यान्‌पिढ्या सिंहाच्या शेजारी राहिले. शेतकऱ्यालाही सिंह पूर्णपणे नकोसा नाही, कारण पिकाची नासाडी करणाऱ्या नीलगाई आणि रानडुकरं तो खातो. गाय मारली तर सरकारकडून भरपाई मिळते. पण सिंह वाढतायत तसे गुरांवरचे हल्लेही नव्या गावांत पोचतायत. ज्या गावानं तीन पिढ्यांत सिंह पाहिला नाही, त्याच्याकडून मालधाऱ्यांएवढ्या समजुतीची अपेक्षा करणं जरा जास्तच आहे.

दुसरं घर ठरलं, मग अडलं कुठे?

या सगळ्यावरचा उपाय १९९० च्या दशकातच ठरला होता. काही सिंह गीरपासून दूर, वेगळ्या जंगलात न्यायचे आणि तिथे दुसरी वस्ती उभी करायची. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं जागा शोधल्या. गीरच्या सिंहांवर संशोधन केलेले रवी चेल्लम त्या कामात होते. मध्य प्रदेशातलं कुनो सर्वांत योग्य ठरलं. तिथे सिंहांना मोकळं रान मिळावं म्हणून २४ गावं उठवण्यात आली. साधारण पंधराशे कुटुंबं, त्यातली बहुतेक सहरिया आदिवासींची. सुपीक जमीन, नदीकाठ सोडून ही माणसं जंगलाबाहेरच्या माळावर जाऊन राहिली.

सिंह मात्र आले नाहीत. गुजरातनं द्यायला नकार दिला.

गुजरातचे मुद्दे अगदीच पोकळ नव्हते. कुनोत सावज पुरेसं नाही, उन्हाळा फार कडक आहे, रणथंबोरकडून वाघ तिथे येतात, असं राज्याचं म्हणणं होतं. मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्रप्रकल्पात २००९ पर्यंत सगळे वाघ शिकारीत संपले होते, त्याकडेही बोट दाखवण्यात आलं. सिंह आमच्या कुटुंबातले आहेत, असाही सूर होता. आणि न बोललेला मुद्दाही सगळ्यांना ठाऊक होता. सिंह ही गुजरातची ओळख आहे आणि सासणचं पर्यटन त्याच्यावर चालतं. दुसऱ्या राज्यात सिंह दिसायला लागले तर ती मक्तेदारी जाते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १५ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सी. के. प्रसाद यांनी निकाल दिला. सिंह कोणत्याही राज्याच्या मालकीचे नाहीत, प्राण्याच्या हिताचं काय हे पाहून ठरवायचं, आणि सहा महिन्यांत काही सिंह कुनोत हलवायचे. कुनोत आफ्रिकी चित्ते आणायची जी योजना तेव्हा चालू होती, ती याच निकालात न्यायालयानं रद्द केली. गुजरातनं फेरविचार याचिका केली, मग क्युरेटिव्ह याचिका केली. दोन्ही फेटाळल्या गेल्या. त्यानंतर समित्या बसल्या, अभ्यास मागवले गेले, बैठका झाल्या. सहा महिन्यांची मुदत केव्हाच उलटून गेली. कायद्याच्या भाषेत आदेश आजही उभा आहे, अंमलबजावणीत तो कागदावर आहे.

दरम्यान गुजरातनं आपला पर्याय पुढे केला. बरडा. पोरबंदरजवळचं हे अभयारण्य गीरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. २०२३ मध्ये एक नर सिंह आपल्या पायानं तिथे पोचला. १८७९ नंतर बरड्यात दिसलेला हा पहिला सिंह. २०२५ च्या गणनेत तिथे १७ सिंह मोजले गेले. केंद्राच्या ‘प्रोजेक्ट लायन’साठी सुमारे २,९०० कोटी रुपये मंजूर झालेत आणि त्यात बरड्याला दुसरं घर म्हणून विकसित करण्यावर भर आहे. जुनागढ जिल्ह्यात वन्यप्राण्यांच्या आजारांसाठी खास केंद्र उभारण्याचंही नियोजन आहे, आणि त्याची खरोखर गरज होती.

सिंह आपणहून नवी जागा धरतोय ही बरड्याची जमेची बाजू. पण अभ्यासकांचा आक्षेपही तिथेच आहे. बरडा फक्त १९२ चौरस किलोमीटरचं आहे, तेवढ्यात फार मोठी वस्ती मावणार नाही. आणि सिंह जिथे चालत जाऊ शकतो, तिथे आजारी सिंह आणि आजारी कुत्रंही जाऊ शकतं. किनारा तोच, वादळ तेच, गावाबाहेर टाकलेली गुरं तशीच. साथीच्या दृष्टीनं बरडा हे दुसरं घर होत नाही, जुन्या घराला काढलेली पडवी होते.

कुनोचं पुढे काय झालं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रयोग म्हणून आफ्रिकी चित्ते आणायला परवानगी दिली आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आणलेले आठ चित्ते कुनोच्या कुंपणात सोडण्यात आले. पाठोपाठ दक्षिण आफ्रिकेतून बारा आले. हजारो किलोमीटरवरून विमानानं चित्ते आले, शेजारच्या राज्यातून सिंह आले नाहीत. सहरिया कुटुंबांना गाव सोडून आता वीस वर्षांहून जास्त काळ झाला. घरं सोडताना त्यांना सांगितलं होतं, की इथे सिंह येणार आहेत.